उस्तादाची बाजू

नोटीस हातात आली तशी लाँड्रीवालीने ती आधी उजेडाला धरली. सवयच ती. बावीस वर्षं लोकांच्या कपड्यांवरचे डाग शोधण्यात गेली की बाईला कागदसुद्धा सरळ वाचवत नाही. मग तिने तो वाचला, पुन्हा एकदा वाचला आणि कॉटवर बसलेल्या नवऱ्याकडे असं पाहिलं की दुसरा कोणी असता तर उठून बाहेर निघून गेला असता. हा आपला बसून होता.

कागदात संदिग्ध काही नव्हतं. प्रोबेशनच्या अटीचा भंग केला आहे, सबब राखून ठेवलेली एक वर्षाची कैद प्रत्यक्ष का भोगायला लावू नये, याचा खुलासा येत्या मंगळवारी अकरा वाजता कोर्टात हजर राहून करावा.

"फोडलं असं लिहिलंय त्यांनी," नवरा म्हणाला. "कुलूप फोडलं म्हणे. मी आयुष्यात कुलूप फोडलेलं नाही. एक ओरखडा दाखवावा कोणी."

घ्या. वर्षभर तुरुंगात जायची वेळ आली होती आणि याला ओरखड्याची पडली होती. तिने नोटीस घडी घालून डब्याखाली ठेवली. काही बोलली असती तर शेजारपाजारच्या दोन-तीन खोल्यांना ऐकू गेलं असतं.

नवरा किल्ल्या बनवायचा. बस डेपोच्या भिंतीला लागून त्याची टपरी होती, एक कानस-मशीन, खिळ्यांना लटकलेल्या कोऱ्या किल्ल्या आणि एक स्टूल, एवढाच पसारा. पण रस्त्यावरचे लोक त्याला उस्ताद म्हणायचे आणि त्या एका शब्दावर हा माणूस जगत होता. कोणीही यावं, उस्ताद म्हणावं आणि याला हरभऱ्याच्या झाडावर चढवावं. हा चढायला शिडीसुद्धा मागायचा नाही.

अडीच वर्षांपूर्वी असाच एक जण आला होता. चांगले कपडे, हातात बॅग. म्हणाला, बायको माहेरी गेलीय, किल्ली घरात राहिलीय, दोघा जणांनी हात टेकले, आता उस्तादाशिवाय कोणाला जमणार नाही. झालं. उस्ताद हत्यारांची पिशवी घेऊन तिसऱ्या मजल्यावर गेला आणि दोन मिनिटांत दार उघडून खाली आला. घर अर्थातच त्या बॅगवाल्याचं नव्हतं. तो सगळं झाडून-पुसून घेऊन पसार झाला तो आजतागायत सापडलेला नाही. सापडला कोण? तर उस्ताद. कारण दुसऱ्या दिवशी सकाळी, कुलूप नीट चालतंय का, हे विचारायला हा स्वतःच्या पायांनी त्या घरी गेला. दारात पोलीस उभे होते.

कोर्टाने वर्षाची शिक्षा सांगितली, पण पहिलाच गुन्हा म्हणून आत न टाकता दोन वर्षं प्रोबेशनवर सोडलं. अटी तीन. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी प्रोबेशन ऑफिसात सही करायची. परवानगीशिवाय शहर सोडायचं नाही. आणि टपरीवर बसून किल्ल्या हव्या तेवढ्या बनवा, पण कुठेही जाऊन कोणाचंही कुलूप किल्लीशिवाय उघडायचं नाही. एवढं साधं होतं. शेंबड्या पोरालाही जमलं असतं.

एकोणीस महिने त्याने पाळलंही. विसाव्या महिन्यात पहिल्या सोमवारी तो सही करायला गेला तेव्हा प्रोबेशनच्या साहेबांच्या कपाटाची किल्ली हरवली होती आणि सह्यांचं रजिस्टर होतं त्या कपाटात. बाहेर चौदा जण रांगेत. सही झाली नाही की गैरहजेरी, म्हणून सगळ्यांचे चेहरे उतरलेले. उस्तादाने खिशातून तार काढली आणि अर्ध्या मिनिटात कपाट उघडून दिलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. हे त्याने घरी येऊन तिला जेवताना सांगितलं होतं, तेही छाती फुगवून. ताटावरून उठून याच्या डोक्यात तांब्या घालावा, असं तिला त्याच वेळी वाटलं होतं.

पुढच्याच आठवड्यात वरून तपासणी आली. किल्ली कुठे, असं विचारलं गेलं. किल्ली हरवणं म्हणजे साहेबांच्या अंगाशी येणार. साहेब लिहिण्यात हुशार. त्यांनी रिपोर्ट लिहिला की शनिवारपासून किल्ली मिळत नव्हती, कपाट बंदच ठेवलं होतं आणि सोमवारी दुपारी दीडच्या सुमारास, जेवणाच्या सुट्टीत ऑफिसात कोणी नसताना या इसमाने कुलूप फोडलं. खाली सही, शिक्का. त्याची नक्कल नोटिशीला जोडलेली होती. आपल्या अंगावरचं झटकून टाकायला समोर असा आयता बकरा उभा असल्यावर साहेब तरी दुसरं काय करणार?

वकील हवा होता. लाँड्रीवालीला वकिलांची काय कमी! कोर्टासमोरच्या गल्लीतच तिची लाँड्री होती. म्हणजे मालकाची, ती आपली इस्त्रीवर उभी. निम्म्या कोर्टाचे काळे कोट आणि गळ्यातले पांढरे बँड तिच्या हाताखालून जायचे. कोर्टात गर्जना करणाऱ्यांना बगलेत किती घाम फुटतो हे तिच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. कोणाच्या खिशात तंबाखूचा चुरा, कोणाच्या खिशात डोकेदुखीच्या गोळ्या, कोणाची कॉलर दोन दोन आठवडे धुतलेली नाही, सगळं पाठ. आदर वाटावा असा एकही कोट तिने आजवर पाहिला नव्हता.

तरी त्यातल्या मोठ्या वकिलाला तिने कोट देता देता विचारलं. त्याने सगळं नीट ऐकून घेतलं, मान डोलावली, तुम्ही काय परक्या आहात का, म्हणाला. आणि मग आपल्या माणसासाठी म्हणून जो आकडा सांगितला, तो तिच्या चार महिन्यांच्या पगाराइतका होता. तिने कोट त्याच्या हातात देऊन टाकला. तोही थांबला नाही. दुसरा कोट उद्या सकाळपर्यंत हवाय, एवढं मात्र आठवणीने सांगून गेला.

थोरल्या दिराची वर ओळख होती. दिराची नेहमीच वर ओळख असायची, कोणाच्या प्रवेशासाठी असो की दवाखान्यातल्या खाटेसाठी असो, आणि ऐन वेळी ती ओळख नेमकी बाहेरगावी गेलेली असायची. याही वेळी गेली होती. दीर घरी येऊन चहा पिऊन गेला आणि जाता जाता म्हणाला की शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. हे त्याने नोटीस आल्यावर सांगितलं. पायरी चढायची की नाही हे विचारायला नोटीस येत नसते, एवढंही त्या उंटावरच्या शहाण्याला कळत नव्हतं.

मग राहिला फुकटचा वकील. ज्यांना ऐपत नाही त्यांना सरकार देतं तो. तो जिन्याखालच्या बाकावर बसायचा आणि त्याच्या मांडीवर इतक्या फायली असायच्या की माणसाचं नुसतं डोकंच दिसायचं. त्याने नोटीस अर्धी वाचली, फोन घेतला, उरलेली अर्धी वाचल्यासारखं केलं आणि म्हणाला, कबूल करून टाका. चूक झाली, माफी असावी, म्हणा. न्यायाधीशबाई चांगल्या आहेत.

"आणि नाही दिली माफी तर?" तिने विचारलं.

"वर्षच आहे हो," तो म्हणाला. "वागणूक चांगली असली की दहा महिन्यांत बाहेर."

जणू दहा महिने हा स्वतः जाऊन बसणार होता. फुकट मिळतं ते कसं असतं, हे कळायला तिला आणखी काही ऐकायची गरज उरली नाही.

रविवारी दुपारी तिने नवऱ्याला समोर बसवलं आणि त्या सोमवारी काय काय झालं ते क्रमाने सांगायला लावलं. लाँड्रीत हीच पद्धत होती. गिऱ्हाईक नवीन डाग घेऊन भांडायला आलं की ती डाग कसला हे कधी विचारायची नाही. कधीचा, ते विचारायची. देताना होता की नेताना पडला? कपड्याला टाचलेल्या चिठ्ठीवर वार आणि वेळ असायची आणि तिथे भले भले खोटे पडायचे. तर नवरा सांगत गेला. दहाला पोचलो. रांगेत नववा होतो. कपाट उघडलं. रजिस्टर काढलं. सह्या झाल्या. साहेबांनी माझ्या हजेरीच्या कार्डावर शिक्का मारून वेळ घातली.

"कार्ड कुठाय?"

कार्ड पाकिटात होतं, घामाने मऊ पडलेलं. प्रत्येक महिन्याचा शिक्का, साहेबांची आखूड सही आणि वेळ. त्या सोमवारपुढे लिहिलं होतं, दहा चाळीस. साहेबांच्याच हातचं. दुपारी दीडला फोडलेल्या कपाटातलं रजिस्टर सकाळी दहा चाळीसला बाहेर कसं आलं? एवढा मोठा साहेब, एवढा मोठा पगार, आणि खोटं बोलताना घड्याळसुद्धा बघता येत नाही.

रांगेतल्या बाकीच्यांपैकी तिघांना तिने गाठलं. तिघांनीही कानावर हात ठेवले. एकाने तर आपण त्या दिवशी गेलोच नव्हतो, असं सांगितलं. साहेबांशी वैर घेऊन स्वतःच्या सहीचं वाटोळं कोण करून घेणार? टाळ्या वाजवायला मात्र सगळे होते.

मंगळवारी ती रजा टाकून नवऱ्याबरोबर कोर्टात गेली. नवऱ्याने दाढी केली होती आणि इस्त्रीचा शर्ट घातला होता. व्हरांड्यात साहेब भेटले तर याने वाकून नमस्कार केला. ज्याने खड्डा खणला त्याला वाकून नमस्कार! साहेबांनीही मोठ्या मनाने खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, काही नाही, फॉर्मॅलिटी आहे. हा खूश. तिने साहेबांच्या हाताकडे एवढं टक लावून पाहिलं की त्यांनी तो काढून घेतला.

पुकारा झाला तेव्हा फुकटच्या वकिलाचा पत्ता नव्हता. पाच नंबरच्या कोर्टात आहेत, येतील, असा निरोप आला. न्यायाधीशबाईंनी घड्याळाकडे पाहिलं, सरकारी वकिलाने रिपोर्ट वाचून दाखवला, तरी तो येईना. मग बाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या की यांच्या वतीने कोणी बोलणार आहे का, नाहीतर मी पुढे जाते. पुढे जाते म्हणजे कुठे जाते, ते सगळ्यांना कळत होतं. दारापाशी हवालदार उभाच होता.

"मी बोलते," लाँड्रीवाली उभी राहिली. "बायको आहे मी."

तिने कार्ड पुढे केलं. दहा चाळीस दाखवले. मग म्हणाली की रजिस्टर मागवा, त्या दिवशीच्या चौदाही सह्यांपुढे सकाळचीच वेळ असेल. कपाट दुपारपर्यंत बंद होतं तर रजिस्टर काय फटीतून सरपटत बाहेर आलं? साहेब रजिस्टर घेऊनच आले होते. बाईंनी ते उघडलं, बोट खाली नेलं आणि वर साहेबांकडे पाहिलं.

साहेबांनी घसा साफ केला. वेळ लिहिण्यात चूक झाली असावी, म्हणाले. कामाचा ताण असतो. सकाळीच उघडलं गेलं हे मान्य, पण उघडलं याने आपण होऊन. मी मिस्त्री बोलावणार होतो. याने कोणाला विचारलंही नाही, थेट तार घातली. साहेबांनी पवित्रा किती चटकन बदलला! आणि नवरा खाली मान घालून उभा. साहेबांना तोंडावर खोटं पाडायचं म्हणजे याच्या जिवावर येत होतं.

बाईंनी त्याला विचारलं, साहेबांनी तुम्हाला उघडायला सांगितलं होतं का? तो म्हणाला, तसं म्हणजे, साहेब तिथेच होते. बाईंनी पुन्हा विचारलं, सांगितलं होतं का? तो म्हणाला, आदेश असा नाही. मग त्याने साहेबांकडे पाहिलं. चाललं वर्ष, लाँड्रीवालीला वाटलं. डोळ्यांदेखत चाललं.

बाई तिच्याकडे वळल्या. "तुम्ही तिथे नव्हता. हे स्वतः होऊन पुढे झाले नाहीत, असं तुम्ही कशावरून म्हणता?"

आणि मग तिचं तोंड सुटलं. घरात ती नवऱ्याला अहो-जाहो करायची. अठरा वर्षांत चारचौघांत तिने त्याचा कधी एकेरी उल्लेख केला नव्हता. आज तिला तेही भान राहिलं नाही.

"मॅडम, हा माणूस स्वतः होऊन काही करतच नाही," ती म्हणाली. "अठरा वर्षं संसार केलाय मी. घरचा नळ महिनाभर गळतो. पण शेजारीण म्हणाली, उस्ताद, तुमच्या हातात काय जादू आहे, की तिचा नळ पाच मिनिटांत बंद. कुत्र्यालासुद्धा तुकडा टाकावा लागतो, याला नुसतं वा म्हटलं की पुरतं. त्या चोराने वा म्हटलं, हा दार उघडून आला. गुन्हा करायलाही अक्कल लागते, मॅडम. याच्याकडे ती असती तर मी आज इथे कशाला उभी असते? हा मूर्ख आहे. वाईट नाही, मूर्ख आहे. कोणीतरी कौतुक केल्याशिवाय याने कपाटाला हात लावलाच नसता. साहेबांनाच विचारा, ते काय म्हणाले होते."

आधी मागच्या बाकावरून कोणीतरी फिसकन हसलं. मग सगळेच हसले. टाइप करणारी बाई हसली, सरकारी वकील हसला, दारातला हवालदार तोंडावर हात घेऊन हसला. न्यायाधीशबाईंनी टेबलावर बोट वाजवून सगळ्यांना गप्प केलं, पण त्यांच्याही ओठांचा कोपरा हलला होता. नवऱ्याने मान वर केली नाही.

"काय म्हणाला होता तुम्ही?" बाईंनी साहेबांना विचारलं. "नेमके शब्द सांगा. चौदा जण होते तिथे, मी एकेकाला बोलावू शकते."

साहेबांनी रुमाल काढला. "गमतीत म्हटलं असेन, मॅडम," ते म्हणाले. "उस्ताद म्हणवता ना, मग दाखवा उघडून. पण तो काही आदेश नव्हता."

झालं. पुढचं सगळं पाच-सात मिनिटांत आटोपलं. अधिकाऱ्याने आपल्याच ऑफिसात उघडायला लावलेलं कुलूप हा अटीचा भंग धरता येत नाही, नोटीस रद्द. किल्ली कशी हरवली आणि रिपोर्टात वेळ कशी बदलली, याचा लेखी खुलासा साहेबांनी आठ दिवसांत द्यावा. आणि उरलेले चार महिने उस्तादांनी कोणी कितीही वाखाणलं तरी हात खिशात ठेवावेत. यावर पुन्हा सगळे हसले. फुकटचा वकील फायली सांभाळत धापा टाकत आत शिरला तेव्हा पुढचा पुकारा झाला होता. बाहेर आल्यावर त्याने तिचं अभिनंदन केलं आणि अशा केसेसमध्ये आपला अनुभव असाच असतो, असं सांगितलं.

लाँड्रीवालीला हलकं हलकं वाटत होतं. तिने, एका इस्त्रीवालीने, ना कोट ना बँड, साहेबाला भर कोर्टात घाम फोडला होता. बस स्टॉपपर्यंत ती एकटीच बोलत होती. साहेबाचं तोंड बघितलं का, रुमाल कसा काढला, मोठ्या वकिलाने चार महिन्यांचा पगार घेऊन यापेक्षा काय दिवे लावले असते. नवरा शेजारून चालत होता. एकदाही ओरखड्याचं बोलला नाही, साहेबांचं बोलला नाही, काहीच बोलला नाही. स्टॉपवर सावलीत उभं राहिल्यावर तिच्या ते ध्यानात आलं.

"अहो, सुटलात ना," ती म्हणाली. "आता कशाला तोंड पाडून बसलाय? तुम्हाला सोडवायला बोलले मी."

"म्हणजे खोटं बोललीस?"

हो म्हणायला काही लागत नव्हतं. पण ती सकाळपासून एवढं खरं बोलली होती की जीभ वळेना.

"खोटं नव्हतं," ती म्हणाली.

"कधीपासून वाटतं तुला असं?"

"लग्नाला दोन महिने झाले असतील. तेव्हाच कळलं."

त्याने मान हलवली. समोरून एक बस गेली, ती त्यांची नव्हती. तो बसच्या मागे उडालेल्या धुळीकडे बघत होता.

"लोक मागे हसतात ते मला कळतं," तो म्हणाला. "तोंडावर उस्ताद म्हणतात, काम करून घेतात आणि पाठ वळली की हसतात. ते कळण्याइतका शहाणा आहे मी. मला वाटायचं, लोकांचं जाऊ दे. निदान तुला तरी माझं कौतुक आहे."

लाँड्रीवालीने तोंड उघडलं. न्यायाधीशबाईंसमोर, साहेबांसमोर, सरकारी वकिलासमोर जे शब्द आपोआप सुचले होते, त्यातला एकही येईना. चांगलं असं काहीतरी पटकन म्हणावं म्हणून तिने अठरा वर्षं चाचपून पाहिली, आणि होतं की तसं बरंच काही, पण तिने ते कधी त्याला सांगितलं नव्हतं आणि आता सांगितलं असतं तर त्याला ते खरं वाटलं नसतं. तिला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

त्यांची बस आली. गर्दी होती. त्याने नेहमीसारखा हात आडवा धरून तिला आधी चढू दिलं आणि मग तो चढला.